एमआरआय तपासणीची धास्ती

एमआरआय यंत्राच्या बोगद्यात जाण्याआधी आणि आत पडून असताना रुग्णाला वाटणारी भीती. तिचे दोन धागे असतात : कोंडल्या जागेचे भय आणि ‘काय निघेल’ ही घालमेल. पहिल्या भयावर तपासणीच्या खोलीत बरेच काही करता येते, दुसऱ्यावर फारसे नाही.

ही भीती यंत्राइतकीच जुनी म्हणता येईल. १९७८ साली नॉटिंगहॅममध्ये भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफील्ड पोटाच्या चित्रणासाठी स्वतःच आपल्या यंत्रात गेले, तेव्हा हृदयाला धोका होऊ शकतो असा इशारा त्यांना मिळाला होता. तसे काही झाले नाही; पुढे २००३ चे नोबेल त्यांना पॉल लॉटरबर यांच्यासह मिळाले.

जुन्या यंत्रांचा बोगदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, नव्या अनेकांचा ७०. खांदे कडांना टेकतात, छत नाकासमोर येते. डोक्याच्या तपासणीत चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी जाळीही बसवतात. ‘घुसमटतंय’ असे रुग्ण म्हणतो ते बहुधा इथे. त्यात ठकठक, घरघर, मध्येच भोंग्यासारखा आवाज. प्रबळ चुंबकीय क्षेत्रातील तारांच्या वेटोळ्यांतून वीजप्रवाह झपाट्याने बदलत राहतो आणि वेटोळी थरथरतात, त्याचा हा आवाज. तो मोठा असला तरी यंत्र बिघडल्याचे लक्षण नव्हे. कानात बोळे किंवा हेडफोन हवेतच. दिले नाहीत तर मागून घ्यावेत.

‘काही होत नाही हो’ हा धीर सगळेच देतात आणि तो सगळ्यात कमी उपयोगी पडतो. खरा आधार हातात दिलेल्या रबरी फुग्याचा : तो दाबला की तंत्रज्ञ बोलतो आणि गरज पडल्यास टेबल बाहेर घेतो. आत जाण्याआधी तो एकदा दाबून पाहावा. डोळे बोगद्यात गेल्यावर नव्हे, टेबलावर आडवे होतानाच मिटावेत. हवा तर रुमाल ठेवून घ्यावा. तपासणी साधारण २० ते ४५ मिनिटे चालते, पण काही मिनिटांच्या तुकड्यांत. ‘आता चार मिनिटं’ असे सांगत राहा, अशी विनंती तंत्रज्ञाला करता येते. गुडघ्याची तपासणी असेल तर पाय आधी जातात आणि डोके बऱ्याचदा बाहेर राहते. नातेवाईकाला जवळ थांबू देतात, मात्र त्याचीही धातूची झडती होते.

ही झडती जाचक वाटते. मंगळसूत्र, बांगड्या, साडीच्या पिना काढून ठेवायला सांगितले की काही बायकांचा जीव तिथेच खालीवर होतो. त्यामुळे हे घरीच उतरवून आलेले बरे. पण झडतीत सूट मागू नये. चुंबक चोवीस तास चालू असतो आणि लोखंडी वस्तू जोराने खेचतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका पालिका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीत नेल्यामुळे रुग्णासोबत आलेल्या तरुणाचा मृत्यू झाला. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले कोणतेही उपकरण असल्यास आधीच सांगावे.

एवढ्या उपायांनीही भीती जात नसेल तर डॉक्टर चिंता कमी करणारी सौम्य गोळी देतात. लहान मुलांना अनेकदा भूल द्यावी लागते. बंद जागेची भीती असल्याचे वेळ ठरवतानाच सांगावे, म्हणजे रुंद बोगद्याचे यंत्र पाहता येते. ऐनवेळी सांगून उपयोग नाही.

बाहेर आल्यावर तंत्रज्ञाचा चेहरा वाचत बसू नये. अहवाल रेडिऑलॉजिस्ट लिहितो, आणि निष्कर्ष सांगण्याची तंत्रज्ञाला मुभा नसते. गोळी घेतलेल्याने त्या दिवशी गाडी चालवू नये. घरी नेणारे माणूस सोबत आणावे.