ज्वर, मोन्झाचा

आपल्याकडे क्रिकेटचा मोसम आला की वर्तमानपत्रं 'क्रिकेटज्वर' हा शब्द हमखास छापतात. मला वाटायचं ही आपलीच गंमत. पण इटालियन भाषेतही अगदी हेच आहे. तिथे खेळाच्या वेड्यांना 'तिफोसी' म्हणतात, आणि तो शब्द 'तिफो' म्हणजे एका तापाच्या नावावरून आला आहे. मराठी माणूस आणि इटालियन माणूस कधी एका ओसरीवर बसून बोलले नसतील, पण खेळाचं वेड म्हणजे ताप हे दोघांनाही सुचलं.

हा ताप सगळ्यात जास्त चढतो तो शर्यतीच्या दिवशी नाही, त्याच्या आधी. आम्ही इतिहासाचे मास्तर मुलांना निकाल शिकवतो. अमुक लढाई तमक्याने जिंकली, सन अमुक. लढाईच्या आदल्या रात्री लोक काय आशा धरून बसले होते, याला पेपरात गुण नसतात. म्हणून आज एका वाट पाहण्याची गोष्ट सांगणार आहे. जागा मोन्झा, साल १९८८.

मोन्झा हे मिलानजवळचं गाव. तिथे राजाचा वाडा आणि त्याभोवती सुमारे सातशे हेक्टरांचं उद्यान आहे. २९ जुलै १९०० रोजी याच गावात राजा उंबेर्तो पहिला याचा गोळ्या घालून खून झाला. मारेकरी ब्रेस्की हा अमेरिकेहून परत आलेला इटालियन अराजकवादी. त्यानंतर राजघराण्याचं मन त्या वाड्यातून उडालं ते उडालंच. पुढे १९२२ साली त्याच उद्यानात ३५०० मजुरांनी ११० दिवसांत मोटारशर्यतीचा मार्ग बांधून काढला. त्याच सप्टेंबरात तिथे झालेली इटालियन ग्रां प्री पिएत्रो बोर्दिनोने फियाट गाडीवर जिंकली. हो, तीच फियाट! मुंबईकरांनी जिच्या काळ्या-पिवळ्या पाठीवर बसून दादर ते बोरीबंदर केलं, त्या कुर्ल्याच्या पद्मिनीचं माहेर. (मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.)

आता 'घरची शर्यत' म्हणजे काय? आपण म्हणू, आपल्या देशाचा खेळाडू जिंकावा म्हणून जिथे आपण गर्दी करतो ती. इटलीत तसं नाही. १९८३ साली इमोला इथे रिकार्दो पात्रेझे हा इटालियन शर्यत संपत आली असताना पुढे गेला. पण तो चालवत होता ब्रॅबहॅम, आणि मागे होती फेरारी, जिच्यात पात्रिक ताम्बे हा फ्रेंच माणूस बसलेला. पुढे गेल्यावर थोड्याच वेळात पात्रेझेची गाडी घसरून बाहेर गेली आणि प्रेक्षकांनी जल्लोष केला. आपल्याच माणसाच्या अपयशावर! वाचून वाईट वाटलं खरं. पण त्यांचं 'घर' हे पारपत्रावर नव्हतं, एका लाल गाडीवर होतं, हे मात्र त्या दिवशी स्पष्ट झालं.

ती गाडी ज्याने उभी केली तो म्हातारा, एन्झो फेरारी, मोदेनाचा. १९२९ साली त्याने आपला चमू काढला. उतारवयात तो शर्यतींना जात नसे, घरी टीव्हीवर बघत असे. १९८८ च्या जूनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे मारानेल्लोच्या कारखान्यात आले, तेव्हा एन्झो इतका आजारी होता की भेट झाली नाही, बोलणं फोनवर झालं. १४ ऑगस्टला नव्वदाव्या वर्षी तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी अगदी खाजगी झाला, बातमी नंतर बाहेर आली. म्हणजे ज्यांनी आयुष्यभर त्याच्या गाड्यांसाठी घसे कोरडे केले, त्यांना शेवटचा नमस्कार करायलाही मिळाला नाही.

आणि मोन्झाची शर्यत होती ११ सप्टेंबरला. बरोबर अठ्ठावीस दिवसांनी.

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सण धरत नाहीत. पुरण होत नाही, दारात आकाशकंदील लागत नाही. या लोकांच्या दाराशी मात्र महिना भरायच्या आत वर्षातला सगळ्यात मोठा सण येऊन उभा राहिला. बरं, आशा धरावी असं काही होतं का? काडीचंही नाही. त्या वर्षीच्या अकराच्या अकरा शर्यती मॅक्लारेन-होंडाने जिंकल्या होत्या. आयर्तन सेन्ना आणि आलँ प्रॉस्ट हे दोघे आळीपाळीने जिंकत आणि बाकीचे तिसऱ्या जागेसाठी भांडत. मे महिन्यात इमोलाला तर तिसऱ्या आलेल्या गाडीलाही त्यांनी एक पूर्ण फेरी मागे टाकलं होतं. फेरारीने मोन्झाला शेवटचा विजय पाहिला होता १९७९ साली. नऊ वर्षं झाली होती.

तरी लोक आले. या शर्यतीला ते दरवर्षीच तसे येतात. तंबू घेऊन, आधीच्या दिवसांपासून, झाडांवर आणि जाहिरातींच्या फलकांवर चढून बसायला. मला हे वाचताना सारखी आपली वारी आठवते. पंढरीला निघालेला माणूस विठोबा मला काय देणार याचा हिशोब करून निघत नाही. जायचं असतं म्हणून जातो. मोन्झाच्या त्या गर्दीला कोणी विचारलं असतं की जिंकणार का रे, तर त्यांनी खांदे उडवले असते. ते दुखवट्यालाच आले होते. फक्त त्यांच्या दुखवट्याचा रंग लाल होता.

शनिवारच्या क्रमवारीत सेन्ना पहिला, प्रॉस्ट दुसरा, फेरारीचा गेरहार्ड बर्गर तिसरा आणि मिकेले आल्बोरेतो चौथा. शर्यत एक्कावन्न फेऱ्यांची. अर्ध्याहून अधिक शर्यत झाल्यावर प्रॉस्टचं इंजिन बिघडलं. त्या वर्षी मॅक्लारेनला होंडाच्या इंजिनाने शर्यतीत दगा दिला तो हा एवढाच. सेन्ना पुढेच होता, पण इंधन जपत होता आणि बर्गर जवळ येत होता. दोन फेऱ्या उरल्या असताना सेन्ना एका मागे पडलेल्या विल्यम्सला फेरीने ओलांडू लागला. त्या गाडीत होता चाळिशीला टेकलेला फ्रेंच चालक ज्याँ-लुई श्लेसर. नेहमीच्या नायजेल मॅन्सेलला कांजिण्या झाल्या म्हणून बदली आलेला. फॉर्म्युला वनमध्ये त्याने केलेली ही एकमेव शर्यत. दोघांची धडक झाली आणि सेन्ना बाहेर. बर्गर पहिला, आल्बोरेतो अर्ध्या सेकंदाने दुसरा. त्या वर्षीच्या सोळापैकी पंधरा शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या. ही एकच निसटली.

लगेच लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याने वरून हात दिला. मी इतिहासाचा मास्तर, मला असले हात मान्य नाहीत. इंजिन, इंधन, कांजिण्या आणि एक नवखा माणूस, एवढी कारणं मला पुरतात. पण म्हणून त्या गर्दीच्या डोळ्यांतलं पाणी खोटं ठरत नाही.

माझं मन मात्र बर्गरपेक्षा आल्बोरेतोवर रेंगाळतं. तो मिलानचा, म्हणजे या शर्यतीचा खरा घरचा पोरगा. पुढच्या वर्षी त्याच्या जागी मॅन्सेल येणार हे तोपर्यंत ठरलेलं होतं. निरोप घेणारा माणूस आपल्या अंगणात अर्ध्या सेकंदाने दुसरा आला, आणि जल्लोष झाला तो गाडीचा. फेरारीतून जिंकलेला शेवटचा इटालियन तोच, १९८५ साली जर्मनीत. २००१ मध्ये जर्मनीतच एका गाडीची चाचणी घेताना तो अपघातात गेला. संस्था मोठी झाली की माणसं अशीच अर्ध्या सेकंदाने मागे राहतात, हे शाळेत चाळीस वर्षं काढलेल्या कोणालाही कळेल.

या प्रेमाची किंमतही आहे. १९६१ साली याच मोन्झाला फेरारीचा फॉन ट्रिप्स आणि त्याच्याबरोबर पंधरा प्रेक्षक मेले. तेही असेच वाट पाहून आलेले होते. ज्वर म्हटलं की तो कधी जीवही घेतो, शब्दाने हे लपवलेलं नाही.

आपल्याकडेही २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाला शर्यत झाली. मार्ग उत्तम, प्रेक्षकही आले, तिन्ही वेळा जर्मनीचा फेटेल जिंकला. मग ती बंद झाली. कर आणि पैसा ही कारणं आहेतच. पण मला वाटतं, घरच्या शर्यतीला घर लागतं, आणि घर व्हायला कोणीतरी जन्मलेलं आणि कोणीतरी गेलेलं असावं लागतं. मोन्झाला तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती.

समजा श्लेसर जरा बाजूला सरकला असता आणि सेन्नाच जिंकला असता. मग? लोक तंबू आवरून घरी गेले असते, आणि पुढच्या सप्टेंबरात पुन्हा आले असते. निकालाने त्यांना आनंद दिला, पण येण्याचं कारण निकाल नव्हता. मुलांना सनावळ्या पाठ करायला लावताना हे सांगायचं राहून जातं. आता निवृत्तीनंतर इथे सांगतो, झालं. असो.