जुनापाणीची शिलावर्तुळे

जुनापाणी : महाराष्ट्रातील महापाषाणयुगीन दफनस्थळ. नागपूरच्या वायव्येस, काटोल रस्त्यालगतच्या माळरानावर सुमारे 300 शिलावर्तुळे विखुरलेली आहेत. काळ ढोबळमानाने इ. स. पू. पहिले सहस्रक. माहूरझरी, नायकुंड आणि टाकळघाट-खापा ही याच संस्कृतीची जवळपासची स्थळे.

न घडवलेल्या मोठ्या दगडांचे कडे, आत मुरूम, माती आणि गोट्यांची भर, मधोमध किंचित उंचवटा, अशी वर्तुळाची रचना असते. भरावाखाली अस्थी आणि मृतासोबत ठेवलेल्या वस्तू मिळतात. चुना नाही, सांधा नाही; दगड स्वतःच्या वजनावर अडीच हजार वर्षे जागच्या जागी बसून आहेत. काही दगडांवर वाटीसारखे उथळ खळगे ओळीने कोरलेले दिसतात. त्यांचा संबंध सूर्याच्या उगवतीशी असावा, असे काही अभ्यासक मानतात.

अशा वर्तुळांच्या शोधाने एक बळीही घेतला. टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये ओढ्याच्या पुरात बुडाले. जुनापाणीचे उत्खनन केले ते जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी, त्यांचा वृत्तांत 1879 साली प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ सरकारच्या कापूस खात्यातले. दगडांवरचे खळगे पाहून त्यांना ब्रिटनमधील तशाच खुणा आठवल्या. पुढे 1961-62 मध्ये बी. के. थापर यांनी तीन वर्तुळे शास्त्रीय पद्धतीने खणली.

काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, घोड्याचे लगाम, असा येथील ऐवज आहे. घोड्याला या लोकांत फार मान होता. माहूरझरीला त्याच्या मस्तकावरचा तांब्याच्या पत्र्याचा अलंकारही सापडला. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. विदर्भातले हे सर्वांत जुने लोहार, आणि त्यांची खरी थोरवी कबरींइतकीच या भट्टीत आहे.

याउलट, विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा येथे मराठा सरदार लखुजीराव जाधवांची भव्य समाधी आहे. तिथे नाव आहे, घराणे आहे, 1629 हे मृत्यूचे सालही आहे. जुनापाणीच्या एकाही मृताचे नाव उरलेले नाही. त्यांची ओळख फक्त वस्तू कुठे, कशी ठेवली होती यावरून पटते.

स्थळ केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे. पाहायला जाणाऱ्याने दगड हलवू नये आणि खापराचा तुकडाही खिशात घालू नये.