व्हॉयेजरवरच्या भैरवीचं कूळ

सत्तरच्या दशकातला सर्वांत लांब गेलेला अल्बम कोणता, याबद्दल वाद होण्याचं कारण नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर १ आणि २ या यानांवर नासाने बारा इंची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार (त्यात मराठीही आहे) आणि २७ रचनांचं दीड तासाचं संगीत. एवढं सगळं मावावं म्हणून तिचा वेग मिनिटाला १६⅔ फेऱ्या, नेहमीच्या एलपीच्या निम्मा. पंचविसावी रचना केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. बाई गोव्यातल्या केरीच्या. पण या गाण्याचं कूळ काढायचं तर कोल्हापूरलाच यावं लागतं.

मूळ पुरुष अल्लादियाखाँ. जन्म १८५५, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. आमलेट्याच्या संस्थानिकाकडे असताना अतिगायनाने त्यांचा आवाज बसला. पुढे तो परत आला, पण पहिला गोडवा गेलाच. मग त्यांनी भिस्त ठेवली ती पेचदार तानांवर, मोकळ्या आकारावर आणि लयीला घट्ट बांधलेल्या बढतीवर. जयपूर-अत्रौली घराण्याचं जे वैभव आपण मिरवतो, ते निम्मंअधिक या अडचणीतून निघालं असं मला वाटतं. शाहू महाराजांनी खाँसाहेबांना दरबारगायक नेमलं आणि १९२२ मध्ये महाराज जाईपर्यंत कोल्हापूर हेच त्यांचं ठिकाण राहिलं.

केसरबाई आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात आल्या होत्या, पण त्या अब्दुल करीमखाँकडे शिकायला, तेही आठच महिने. अल्लादियाखाँचा गंडा बांधला गेला १९२१ मध्ये, आणि तालीम चालली थेट १९४६ पर्यंत, खाँसाहेबांच्या निधनापर्यंत. ध्वनिमुद्रणावर बाईंचा कधीच लोभ नव्हता. ही भैरवीही ७८ फेऱ्यांच्या तबकडीतली, जेमतेम साडेतीन मिनिटांची. ज्या घराण्याची ख्याती अनवट जोडरागांची, त्याच्या वाट्याला अंतराळात आली ती मैफल उठवायची भैरवी! पण दमसास ऐका: श्वास कुठे घेतला ते शोधावं लागतं.

व्हॉयेजरसाठी ही भैरवी सुचवली रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने. यानांवरचं संगीत निवडणाऱ्या कार्ल सेगनच्या चमूतल्या ॲन ड्रुयनना तिची रेकॉर्ड सहज मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ती सापडली.

केसरबाईंनंतर लगेच वाजतो ब्लाइंड विली जॉन्सन: १९२७ मधलं मुद्रण, गिटार आणि शब्दांविना गुणगुणणं. सत्तरीत अमेरिकेत ज्या सोल गायकवृंदांच्या एलपी गाजल्या, त्यांच्या गळ्यातली आर्तता ज्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून आली, तिथलाच हा माणूस. भैरवीच्या शेजारी तो मुळीच परका वाटत नाही. त्याच्यामागून बेथोवन, आणि तबकडी संपते.

व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबर १९७७ ला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. विद्या देण्याच्या बाबतीत त्या कमालीच्या कंजूष. त्यांनी खरोखर तालीम दिली ती एकटीला, धोंडूताई कुलकर्णींना. धोंडूताई कोल्हापूरच्या, आणि आधीची त्यांची तालीमही कोल्हापुरातच, अल्लादियाखाँचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे झालेली.