स्कॉर्पिओ एंजिनाचा विकास
महिंद्र अँड महिंद्र कंपनीने नासिकच्या कारखान्यात तयार केलेली ‘स्कॉर्पिओ’ ही मोटारगाडी २००२ मध्ये विक्रीस आणली. तिच्या सु. २·६ लिटर धारणेच्या टर्बोयुक्त डीझेल एंजिनाची शक्ती १०९ अश्वशक्ती होती. २००५-०६ च्या सुमारास त्यात ‘कॉमन रेल’ पद्धती आली. तीत सर्व सिलिंडरांसाठी एकाच नळीत उच्च दाबाने साठविलेले इंधन इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाने नेमक्या क्षणी सूक्ष्म तुषारांच्या रूपात सोडले जाते. त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते व खडखडाट घटतो. २००९ मध्ये या गाडीत बसविलेल्या ‘एमहॉक’ एंजिनाने सु. २·२ लिटरांतच १२० अश्वशक्ती दिली.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० घ. सेंमी. व त्यावरील डीझेल मोटारींची नोंदणी थांबविली. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने तेथे १·९९ लिटरांचे एंजिन आणले; शक्ती मात्र १२० अश्वशक्तीच राहिली. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का पर्यावरण आकार लावून ही बंदी उठविण्यात आली. एंजिनाची धारणा हा प्रदूषणाचा अपुरा मापदंड होय. कारण उत्सर्जन हे ज्वलनाच्या प्रतीवर व निष्कास वायूंच्या शुद्धीकरणावर अवलंबून असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत-६ मानकांनी काजळी व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्या मर्यादा अधिक कडक केल्या.