फटफटीची तान

"काका, बोलू नका जरा. ऐका," म्हणत मिस्त्रीने हात वर केला. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचं गॅरेज. बाहेर मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रकांची घरघर, शेजारी कुणी पत्रा ठोकतोय, आणि हा माणूस मान तिरकी करून माझ्या भाच्याच्या साडेतीनशे सीसीच्या गाडीचा आवाज ऐकत होता. भाच्याने हौसेने आधी सायलेन्सर बदलला, मग एअर फिल्टर. तेव्हापासून गाडी कमी रेसवर आचके देई, अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजत, इंजिन लवकर तापे. मिस्त्रीने सीटखाली काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी पेटी बसवली होती आणि तिची वायर लॅपटॉपला जोडली होती. एक आकडा वाढवायचा, रेस द्यायची, ऐकायचं, आकडा थोडा खाली आणायचा, पुन्हा ऐकायचं.

"अजून ट्यून नाही झाली," तो म्हणाला.

त्याच्या कानात इंजिन होतं, माझ्या कानात तो शब्द राहिला. हा शब्द आपण गाण्यातही वापरतो आणि गाडीलाही. मोबाईलची ट्यून, नव्या सिनेमातली ट्यून, आणि ही गॅरेजमधली. शब्द इंग्रजी आहे हे खरं, पण त्याचं आजोळ शोधत गेलं की आपल्याच घराच्या ओसरीवर येऊन पोचतो. 'ट्यून' हा 'टोन'चाच एक जुना उच्चारभेद. 'टोन' फ्रेंच आणि लॅटिनमार्गे आला ग्रीक 'टोनोस'वरून. टोनोस म्हणजे ताण. ताणलेली दोरी, ताणलेली तार, आणि म्हणून त्या तारेतून निघणारा स्वर. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ताणणे. आपल्याकडे संस्कृतात ह्याच अर्थाचा धातू आहे 'तन्', आणि हे दोन्ही एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. त्या 'तन्'पासून आपली गायकाची तान, दोरीला दिलेला ताण, तंतू, आणि तंत्रसुद्धा. तंत्र म्हणजे मुळात मागावर ताणून धरलेले उभे धागे. 'तंत्रज्ञान' म्हणताना आपण नकळत विणकराचा माग उच्चारत असतो.

म्हणजे मिस्त्री 'ट्यून' म्हणतो आणि गवई 'तान' म्हणतो, तेव्हा दोघं दूरचे भाऊबंद शब्द बोलत असतात. पण मी हललो तो पुढच्या गोष्टीने. मी मिस्त्रीला विचारलं, ही पेटी नेमकं करते काय?

त्याने समजावलं ते असं. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक झडप. ती किती वेळ उघडी राहते त्यावर किती पेट्रोल आत जाणार ते ठरतं. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्या घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला १० वेळा ही झडप उघडते, आणि दर वेळी दोन-तीन मिलिसेकंदच उघडी राहते. किती वेळ उघडायचं ते गाडीचा मेंदू, म्हणजे ईसीयू, कारखान्यातून भरलेल्या कोष्टकावरून ठरवतो. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले की इंजिन जास्त हवा ओढतं, कोष्टक मात्र जुन्याच हवेच्या हिशेबाचं. पेट्रोल कमी पडतं. ट्यूनर, म्हणजे ही काळी पेटी, ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये बसतो, ऑक्सिजन सेन्सरची बातमी वाटेतच वाचतो, आणि झडप उघडी राहण्याचा वेळ किंचित वाढवतो. अडीच मिलिसेकंदांवर ४ टक्के म्हणजे मिलिसेकंदाचा दहावा भाग.

"थोडक्यात, तो टाइम ताणतो, काका," मिस्त्री म्हणाला.

ताणतो! ग्रीकांपासून चालत आलेल्या शब्दाचा गाभा त्याने एका क्रियापदात उचलून माझ्या हातात ठेवला. कार्ब्युरेटरच्या काळात ट्यून करणं म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने एअर स्क्रू पूर्ण आवळून दोन-अडीच आटे सैल सोडणं. तिथे फिरवणं होतं, ताणणं नव्हतं. इंधन फवारण्याची इलेक्ट्रॉनिक व्यवस्था आली आणि शब्द आपल्या पहिल्या अर्थापाशी परतला.

आपल्याकडे २००६ साली हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, पुढच्या वर्षी बजाजची २२० सीसीची पल्सर. तरी गल्लीतल्या गॅरेजला पुढे बरीच वर्षं कार्ब्युरेटरच भेटत राहिला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तेव्हा साध्या शंभर सीसीच्या गाडीतही इंजेक्टर आला, आणि मिस्त्रीच्या स्क्रू ड्रायव्हरशेजारी लॅपटॉप.

लहानपणी पंचवटीत आमच्या शेजारी भजनी मंडळ बसायचं. गायक पलुस्करबुवांनी रामनाम आधाराश्रम काढला तो याच पंचवटीत, त्यामुळे त्या भागात तंबोऱ्याला मान होता. तंबोरा जुळवणारे आजोबा आधी खुंटी पिळून तार साधारण सुरात आणत. मग खुंटीला हात लावायचा नाही. तारेत ओवलेला मणी केसभर खाली किंवा वर सरकवायचा. शेवटी घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावायची, की तार बोलू लागे. गाडीच्या बाबतीत ईसीयू ही खुंटी आहे. ती कारखान्याने पिळून दिली. ट्यूनर हा मणी. खुंटी तशीच ठेवून तो बारीक फरक करतो. आणि जवारी? ती मिस्त्रीच्या कानात.

कानाची ही गोष्ट मराठीने फार आधी ओळखली होती. आमच्या आजोबांच्या पिढीत मोटारसायकलला फटफटी म्हणत. 'दुचाकी' हा शब्द चाकं मोजून केलेला आहे. फटफटी ऐकून केलेला. अर्जात दुचाकी लिहितात, पण जिने फटफटी हा शब्द जन्माला घातला ती मराठी दारात उभी राहून आवाज ऐकत होती. गॅरेजातली भाषा अजून तशीच आहे. टॅपेट टकटक करतात, चेन खळखळते, बेअरिंग घूं करतं, गाडी गुरगुरते. आणि 'मिसिंग मारते'. इंग्रजीतल्या 'मिसिंग'ला आपण 'मारणे' जोडून टाकलं, शिट्टी मारणे आणि फेरी मारणे यांच्या पंगतीत बसवलं. पाहुण्या शब्दाला असा पाट मांडून देणारी भाषा मला फार आवडते. कोशकारांनी हे शब्द टिपायला गॅरेजात जाऊन बसावं, असं मला मनापासून वाटतं. चाळीस वर्षं कानाने काम केलेले मिस्त्री म्हातारे होत आहेत.

"चला, ट्रायल मारून येऊ," मिस्त्री म्हणाला. तो पुढे, मी मागे. त्र्यंबक रोडने निघालो आणि मायको सर्कल लागलं. रोजचा चौक, पण त्या दिवशी नाव वेगळं ऐकू आलं. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली बंगळुरात सुरू झालेली. तिचा कारखाना पुढे सातपूरला आला. २००८ साली कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं; चौकाचं नाव मात्र नाशिककरांनी सोडलं नाही. या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. म्हणजे इंधन फवारण्याची ही विद्या आमच्या भाच्याच्या सीटखाली पोचायच्या कितीतरी आधी नाशकातल्या घराघरांतल्या डब्यांबरोबर सकाळी शिफ्टला जात होती.

आता 'नोझल' हा शब्द पाहा. इंग्रजीत 'नोज' म्हणजे नाक, आणि त्याचं लघुरूप नोझल, छोटं नाक. इंग्रजी नोज, लॅटिन नासुस आणि संस्कृत नासा, नासिका हे एकाच कुळातले. आणि आपलं गाव? लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा म्हणून नासिक, अशी कथा आपण सगळे ऐकत आलो. नऊ शिखरांचं ते नाशिक, असंही सांगणारे आहेत. कथा बाजूला ठेवली तरी पतंजलीच्या महाभाष्यात 'नासिक्य' हे नगराचं नाव आहे, म्हणजे नाव दोन हजार वर्षांहून जुनं. नाकाच्या नावाच्या गावात दोन पिढ्या माणसं छोटी नाकं घडवत आली. हे कुणी ठरवून केलेलं नाही. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा हे मी मिस्त्रीला ओरडून सांगितलं. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे आमच्या वडिलांना सांगायला पाहिजे होतं. ते मायकोतच होते."

परतताना मिसळ खाल्ली. नाशिकची पद्धत म्हणजे मटकी, फरसाण ताटात आणि काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या वाटीत, सोबत पापड, दही. किती ओतायचा ते खाणाऱ्याने ठरवायचं. 'मिश्र'पासून मिसळणे, त्यातून मिसळ. आणि इंग्रजी 'मिक्स्चर' लॅटिनमधल्या मिसळणे अर्थाच्या क्रियापदापासून, त्याचंही मूळ तेच. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण नेमकं असेल तर वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं की हाच आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. पेट्रोल कमी पडलेल्या गाडीला मिस्त्री म्हणतो, "लीन चालतेय." मराठी कानाला ते देवापुढे लीन झाल्यासारखं लागतं. पण हा 'लीन' इंग्रजी, रोडका या अर्थाचा. आपला 'लीन' संस्कृत 'ली' धातूचा, विरघळून गेलेला. आवाज सारखा, रक्ताचं नातं नाही. उलट दिसायला अगदी परका वाटणारा इंग्रजी 'थिन' हा संस्कृत 'तनु'चा, म्हणजे पातळचा सख्खा नातलग, आणि पुन्हा त्याच 'तन्' कुळातला: ताणलं की पातळ होतं. म्हणून शब्दांची नाती नुसत्या कानाने जुळवू नयेत. गाड्या जुळवाव्यात.

गॅरेजात परतल्यावर त्याने लॅपटॉपवर ते कोष्टक दाखवलं. आडवी रेस, उभा अ‍ॅक्सिलेटर किती पिळला ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. तो याला 'मॅप' म्हणतो. मॅप आला लॅटिन 'माप्पा'वरून, म्हणजे कापड, हातरुमाल. जुने जगाचे नकाशे कापडावर काढत. मला येवल्याचा पैठणीचा माग आठवला, उभा ताणा आणि आडवा बाणा. आपल्याकडेही कापडाच्या 'पट'वरून चित्रपट झाला, आणि त्या कलेचे पितामह दादासाहेब फाळके जन्मले ते त्र्यंबक रोडच्या टोकाला, त्र्यंबकेश्वरी, १८७० साली. तर मॅपला इंधनपट म्हणावं का? मला म्हणावंसं वाटतं. मिस्त्री म्हणेल असं नाही, आणि शब्द त्याच्या तोंडी बसला नाही तर मी तो पुढे रेटणार नाही.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मला पटत नाही, आणि नोंदणी झालेल्या गाडीत असे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत, हे भाच्याला स्पष्ट सांगून झालं. तो मान हलवतो.

इंजिन निवल्यावर मिस्त्रीने प्लग काढला. काळी काजळी धरली असती तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असता तर कमी. टोक विटकरी होतं, फिकट कॉफीकडे झुकणारं. त्याने तो चिंधीने पुसला, परत बसवला, रेस दिली आणि सोडली. फटाके वाजले नाहीत. मग खिशातून चोपडी काढून त्याने नोंद केली: गाडीचा नंबर, तारीख, प्रत्येक टप्प्यासमोर टक्के. शेवटच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे बॉलपेनने एकच शब्द होता, 'शांत'.