वसईच्या घंटा

बोरिवलीहून गाडीत बसले, की खाडीचे पूल ओलांडून घटकाभरात वसई येते. शाळेच्या मुलांना घेऊन मी किल्ल्यात जातो, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो : “सर, हा आपणच जिंकला ना?” माझ्या वर्गात पाटील असतात, तसे परेराही असतात. म्हणून ‘आपण’ या शब्दापाशी मी जरा थांबतो.

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी येथे चर्च, मठ आणि वाड्यांचे दगडी नगर उभे केले. आज छपरे नाहीत. पण जेझुइटांच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवरचे कोरीव काम पाहून मुलेही क्षणभर गप्प होतात.

१७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून निघाल्या आणि देवळांत पोहोचल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, दुसरी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे आणि मेरी व बाळ येशूची आकृतीही. ती कोणी घासून काढली नाही.

उलट आमच्या बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात पोर्तुगीजांच्या काळी चर्च झाले. तेथे एका शिल्पपटावर कोरलेला क्रूस अजून दिसतो. आज तोही इतिहासच; खरवडायचा नाही.

मुलांना मी एवढेच सांगतो : बाळांनो, किल्ला जिंकता येतो. कारागिरी मात्र सांभाळावी लागते, आणि जो सांभाळील त्याची ती होते. ‘आपण’ म्हणजे तेच.