रानातली सुरी: एका स्वस्त हत्याराचा माग

१९८८च्या डिसेंबरात आम्ही चौघे राजमाचीला गेलो होतो. माझ्या कमरेला नवी कोरी सुरी होती. जत्रेतल्या एका दुकानातून साठ रुपयांना घेतलेली. काळी पोकळ मूठ, तिच्या टोकाला होकायंत्र, मुठीच्या आत गळ, दोरा आणि काड्या, पात्याच्या पाठीवर करवतीसारखे दात. रात्री शेकोटीसाठी वाळकी फांदी चिरायला मित्राने ती मागून घेतली. दुसऱ्याच घावाला पाते मुठीतून निसटले आणि उलटून त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी शिरले. कोंढाण्याच्या वाटेने अंधारात कर्जतकडे उतरताना त्याच्या हाताला बांधलेला पंचा दोनदा पिळावा लागला. तो तेव्हा घड्याळदुरुस्ती शिकत होता. अंगठा आजही पूर्ण वाकत नाही. ते काम त्याला सोडावे लागले. त्याने मला कधी बोल लावला नाही, म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनातून गेली नाही.

गेल्या वर्षी त्याच मित्राच्या मुलीने मला विचारले, ‘काका, ट्रेकला न्यायला स्वस्तातली मजबूत सुरी कोणती घेऊ?’ तिला ती जुनी हकीकत ठाऊक नव्हती. मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयात बसत जे वाचले तेवढीच माझी पुंजी. पण या प्रश्नाला दुकानाचे नाव सांगून उत्तर देणे मला जमेना. आधी शोधायचे होते ते हे, की ती पोकळ मुठीची सुरी माझ्या कमरेपर्यंत आली कशी?

तिचा माग लगेच लागला. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला. त्यात सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या हातात जी सुरी होती, ती आर्कान्सातल्या जिमी लाइल या कारागिराने हाताने घडवलेली होती. तिच्या रूपाच्या नकला जगभरच्या बाजारांत उतरल्या. नकलेत रूप आले, घडण आली नाही. मूठ पोकळ असली की पात्याला मुठीत शिरायला जागाच उरत नाही. तोंडाशी एका आखूड खुंटीवर सारा भार येतो आणि नेमके तिथेच ती तुटते. मी साठ रुपये मोजले होते ते चित्रपटासाठी.

पण ही भूल १९८२ची नाही. १८२७ साली मिसिसिपीच्या वाळूपट्टीवर झालेल्या एका मारामारीत जिम बोवी याने मोठ्या सुरीने प्रतिस्पर्ध्याला मारले. १८३६ साली तो अलामोच्या लढाईत पडला आणि त्याचे नाव दंतकथेत गेले. भल्यामोठ्या पात्याच्या ‘बोवी’ सुरीची अशी काही मागणी वाढली, की इंग्लंडातल्या शेफिल्डचे कारखाने ती बनवून अमेरिकेला पाठवू लागले. रानात जाणाऱ्या माणसाजवळ असलीच सुरी हवी, हा समज तिथून रुजला.

रानात खरोखर राहणाऱ्यांजवळ मात्र दुसरेच काही होते. जॉन रसेल याने १८३४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफिल्डला, ग्रीन नदीच्या काठी कारखाना काढला. त्याच्या ‘ग्रीन रिव्हर’ सुऱ्या पश्चिमेकडच्या फासेपारध्यांत आणि शिकाऱ्यांत गाजल्या. रूपाने त्या कसायाच्या साध्या सुऱ्या होत्या: पातळ पाते, दोन लाकडी फळ्यांची मूठ, रिबिटा. शोभेचे काहीच नाही.

पुढे या साधेपणाला लिहिणारी माणसे मिळाली. जॉर्ज सिअर्स हा पेशाने चांभार, अंगाने किरकोळ. ‘नेसमक’ या टोपणनावाने तो लिही. १८८४ साली आलेल्या ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्याने आपली तीन हत्यारे सांगितली आहेत: छोटी दुधारी कुऱ्हाड, पातळ पात्याची म्यानातली सुरी आणि खिशातला चाकू. फोडायचे काम कुऱ्हाडीचे, कापायचे सुरीचे, बारीक कोरायचे चाकूचे. एकाच हत्याराला तिन्ही कामे लावायची नाहीत, हा त्याचा हिशेब.

होरेस केफार्ट हा सेंट लुईसचा ग्रंथपाल. १९०४ साली तो नोकरी, संसार मागे टाकून स्मोकी पर्वतात राहायला गेला आणि १९०६ साली त्याचे ‘कॅम्पिंग अँड वुडक्राफ्ट’ प्रसिद्ध झाले. मोठ्या, भीतिदायक सुऱ्या कामाला कुचकामी, असे त्याचे मत. त्याने स्वतःसाठी ठरवलेल्या सुरीचे पाते जेमतेम साडेचार इंचांचे होते. एक चांभार आणि एक ग्रंथपाल. मला ही जोडी फार जवळची वाटते.

स्वस्ताईचे खरे उत्तर मात्र स्वीडनने दिले. डालार्ना प्रांतात मोरा गावाजवळ ओस्टनोर ही वस्ती आहे. एरिक फ्रॉस्ट अमेरिकेहून परतला आणि १८९१ साली त्याने तिथे लाकूड वाहायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला. त्याच कामाला लागतात म्हणून सुऱ्याही घडवल्या जाऊ लागल्या. १९१२ साली त्याच वस्तीत के. जे. एरिक्सन याचा दुसरा कारखाना निघाला. २००५ साली दोन्ही मिळून एक कंपनी झाली. लाल रंगवलेली बर्चच्या लाकडाची मूठ ही मोरा सुरीची जुनी ओळख. जुनी पाती तीन थरांची असत: मधे कठीण पोलाद, दोन्ही बाजूंना मऊ लोखंड. धार टिके आणि पाते सहसा तुटतही नसे. ही सुतारांची, शेतकऱ्यांची, लाकूडतोड्यांची सुरी.

आज ट्रेकर मंडळी आग्रह धरतात, की पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेले हवे. आग्रह योग्य आहे. पण मोराच्या साध्या सुरीत पात्याची शेपटी मुठीत पुरती शेवटपर्यंत जात नाही, पाते अडीच मिलिमीटरच जाड असते, तरी ती वर्षानुवर्षे टिकते. कारण शेपटी पुरेशी लांब आहे, मूठ तिच्याभोवती घट्ट बसली आहे आणि पोलादाला पाणी नीट दिलेले आहे. मजबुती जाडीत कमी आणि घडणीत जास्त असते.

आणि घडणीचा प्रश्न निघाला की आपल्या आठवडी बाजारातला लोहार आठवतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून तो कोयता, विळा घडवतो. त्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का, कोयत्याला उत्तम. पाते लाल तापवायचे, चुंबक चिकटेनासे झाले की तेलात बुडवायचे, मग पुन्हा मंद आचेवर गवती पिवळा रंग चढेपर्यंत शेकायचे. ही शेवटची पायरी चुकवली तर धार काचेसारखी तडकते. या विद्येचा स्वीडनमध्ये ब्रँड झाला. आपल्याकडे ती उसाच्या फडात राबते, तिथे नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. अलीकडे तर कोयता हा शब्द वर्तमानपत्रात गुन्ह्याच्या बातमीतच जास्त दिसतो. ज्या हत्यारावर माणसांचे पोट मोजले जाते, त्याची ही बदनामी मला डाचते.

तर पोरीला मी दिलेले उत्तर असे. पाते चार इंचांचे, फार तर पाच. पाठ सपाट, दात नकोत. मूठ पोकळ नको. शेपटी मुठीत किती खोल गेली आहे ते दुकानदाराला विचार, सांगता आले नाही तर घेऊ नकोस. धारेवर हलक्या हाताने कानस फिरवून बघ. ती घसरली तर पाते कठीण, सहज खात गेली तर मऊ. म्यान असे, की उलटे धरले तरी सुरी पडू नये. साधे कार्बन पोलाद स्वस्त आणि धारेला सोपे, पण पावसाळ्यात पुसून तेलाचा हात द्यावाच लागतो. ते जमणार नसेल तर स्टेनलेस घे. फांदी फोडायला सुरीवर दगड हाणू नकोस. अभयारण्यात तर लाकूडतोडीला बंदीच आहे. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात, घरगुती आणि शेतीची अवजारे वगळून. शिवाय पोलिसांचे स्थानिक मनाई आदेश असतात. म्हणून एसटीत ती कमरेला नको, सॅकच्या तळाशी ठेव.

तिने सुरी घेतली. साधी, नारिंगी मुठीची. गवतात पडली तरी दिसेल अशी. मित्राकडे गेलो तेव्हा ती टेबलावर होती. त्याने उचलली, मुठीपाशी जोर लावून पाहिला, न वाकणारा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि सफरचंद चिरले. मग मला एक फोड देत म्हणाला, ‘या वेळी बरी निवडलीस.’ पस्तीस वर्षांत त्या रात्रीविषयी तो माझ्याशी एवढेच बोलला.